पाण्यावरचं वाहन

माझ्या नवऱ्याला धरणात पोहण्याचं वेड होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी आम्ही कर्वेनगरहून स्कूटरवर भल्या सकाळी निघायचो. कमरेला केशरी फुगा बांधून तो काठाकाठाने पोहायचा आणि मी दगडावर बसून पेपर वाचायचे.

मग तिथे जेट स्की आल्या, पाण्यावर पळणाऱ्या मोटरसायकलीच. भाड्याच्या, दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या. एका रविवारी आम्हाला निघायला उशीर झाला. त्या दिवशी एका जेट स्कीने त्याच्या उजव्या खांद्याला धडक दिली. हाड जुळलं, पण हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही.

जेट स्की चालवणारा चाळिशीतला गृहस्थ होता. दुसऱ्या दिवशी आपणहून हॉस्पिटलमध्ये आला आणि माझ्यासमोर रडला. "ताई, रेस कशी द्यायची एवढंच सांगितलं मला. माणूस दिसला म्हणून घाबरून रेस सोडली, तर ती वळेचना."

रेस सोडली की ती वळतच नाही, सरळ पुढे घसरत जाते, हे मला नंतर कळलं. त्याला हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. त्याच्यावर मला धड रागावताही आलं नाही.

मी अर्ज लिहिला, नवऱ्याने तो अंथरुणातून तपासला. आधी शिकवा, मगच चालवायला द्या. पोहणाऱ्यांचं पाणी तरंगती पिंपं लावून वेगळं करा. काठाजवळ वेगाला मर्यादा घाला. फार काही मागितलं नव्हतं.

धरणाच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, "बाई, पाणी आमचं. पाण्यावरचं वाहन आमच्याकडे येत नाही."

बोटींच्या परवान्याच्या कचेरीत एक बाई होत्या. "ही बोटीत मोडते का, ते वर विचारावं लागेल."

"वर म्हणजे कुणाला?"

"वर."

आठ महिन्यांनी धरणाच्या कार्यालयाचं पत्र आलं : आपल्या अर्जावर कार्यवाही झाली आहे. मी एकटीच बसने बघायला गेले. काठावर नवाकोरा फलक होता. 'पोहण्यास सक्त मनाई. उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई होईल.' त्याच्या मागे जेट स्की जोरात चालल्या होत्या.

तिथूनच मी साहेबांना फोन केला. ते खरंच खुशीत होते. "अहो, तुमच्याच अर्जावर केलंय. आता कुणाला धडक बसायचा प्रश्नच नाही!"

फलकाचा फोटो काढून घरी आले. नवऱ्याने डाव्या हाताने तो मोठा करून पाहिला.

"शुद्धलेखन बरोबर आहे," म्हणाला आणि फोन परत दिला.

त्या आठवड्यात मी दुसरा अर्ज लिहायला घेतला. वाचून दाखवू का विचारलं, तर तो भिंतीकडे वळत म्हणाला, "नको. जपून लिही फक्त. नाहीतर अंघोळीवर बंदी आणतील."

मला हसू आलं नाही. अर्ज दिला, पोच घेतली. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.