कानात कापूस, उशाशी दिवा

बारावीत माझं दर आठवड्याला एक नवं ठाम मत असायचं. एका आठवड्यात हिरवा रंग गावंढळ ठरला, म्हणून आईची मेथीची भाजीसुद्धा मी तोंड वाकडं करून खाल्ली. पुढच्या आठवड्यात ठरवलं, चित्रातल्या माणसाला नाक नसलं तरी चालतं. खरं म्हणजे मला नाक जमत नव्हतं. घर बोईसरला, कॉलेज पालघरला. शटल गाडीच्या खिडकीशी मी असा चेहरा करून बसायची, की बघणाऱ्याला वाटावं, ही मुलगी काहीतरी मोठं सोसतेय. सोसत असायची ती फक्त भूक.

एक गोष्ट मात्र आठवडे उलटले तरी बदलली नाही. मला चित्रकलेच्या शिक्षिकेचा कोर्स करायचा होता. बाबा नाही म्हणत नव्हते, हो पण म्हणत नव्हते. "गॅदरिंगच्या प्रदर्शनात तुझं चित्र लागू दे. लोक काय म्हणतात बघू," एवढंच.

आमच्या चाळीत सगळे कारखान्यातले. तिसरी पाळी करून आलेले पुरुष दिवसा झोपायचे, त्यामुळे आम्ही पोरं कुजबुजतच मोठी झालो. झोपलेला माणूस चित्रासाठी बरा, हलत नाही, हा माझा थोर शोध. बाबा उताणे झोपत. माशांसाठी हनुवटीपर्यंत पांढरी चादर, आणि शेजारच्या रेडिओवर उपाय म्हणून कानात कापूस. मी जसंच्या तसं काढलं. पण त्या आठवड्याचं मत होतं, की उजेड कुठून येतो ते चित्रात दिसलंच पाहिजे. म्हणून चित्रातल्या बाबांच्या उशाशी मी एक पेटता दिवा काढला.

चित्र लागलं. कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, "फार गंभीर काढलंयस गं." मी तरंगतच घरी आले.

चपला काढतेय तोच दारात बाबांच्या खात्यातले एक काका. जवळच्या पाम गावचे. त्यांची मुलगी आमच्याच कॉलेजात, तिचा नाच बघायला सकाळी पालघरला गेलेले. हातात मोठा हार.

"वयनी, कदी झाला ह्या? आमाला कोनी सांगला पन नाय! परवा तं माज्याशी बोलला."

आई भांडी घासत होती. "कुणाचं काय झालं, भावजी?"

"दादाचा चित्र पायला ना कॉलेजात. कानात कापूस, उशाशी दिवा…" त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

आईने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि लुंगी सावरत बाबा बाहेर आले. "कोण गेलं?"

काका मागे सरले ते थेट आमच्या बादलीत. "अरे, तू हायस?"

"काय?" बाबा ओरडले. कापूस अजून कानातच होता.

तो हार आईने घरात येऊ दिला नाही. काकांना चहा मिळाला, मला बोलणी. "जित्या माणसाच्या उशाशी दिवा लावलास?"

"अगं, उजेडाचा उगम…"

"उगम! थांब, तुला दाखवते उगम!"

बाबा पुन्हा जाऊन झोपले. मी मनातल्या मनात कोर्सला निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर ते घरी आलेच नाहीत. तारवटलेल्या डोळ्यांनी थेट पालघरला, प्रदर्शनात हजर. माझ्या वर्गातल्या मुली कधी चित्राकडे, कधी त्यांच्याकडे बघू लागल्या. बाबा चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. वाकून चादर बघितली, मागे जाऊन पाय बघितले.

"मी एवढा लांब आहे होय?" ते म्हणाले. मग जरा वेळाने, "त्या कोर्सात उभा माणूस काढायला शिकवतात का?"

"शिकवतात."

"बसलेला?"

"तोही."

"मग जा बाई. शीक लवकर आणि मला उठवून बसव." जांभई देत त्यांनी दिव्याकडे बोट केलं. "हा मात्र आत्ता खोड. माझ्यासमोर."

खोडरबर घरी राहिलं होतं. मी ओढणीने दिवा पुसला. दिवा गेला आणि बाबांचं अर्धं कपाळही गेलं. ते बघत होते. त्यांनी स्वतःचं कपाळ चाचपून पाहिलं.