हजेरीतली एसटी

मंडळी, लेकीची पाण्याची बाटली घरी राहिली, म्हणून आज सकाळी मिरजोळ्याला तिच्या शाळेत गेले. वर्गात हजेरी चालू होती. तिच्या बाई "हजर" म्हणू देत नाहीत. शाळेत येताना काय बघितलंस, ते सांगायचं.

कुणी मोर बघितलेला, कुणी पंक्चर झालेली रिक्षा.

एक मुलगी हळूच म्हणाली, "बाबांची एसटी. मुंबईला गेली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "टाटा केलास ना गो?"

"केला. पण ते पलीकडच्या खिडकीत बसलेले."

"मग ये, फळ्यावर एसटी काढ. बाबांना तुझ्या बाजूच्या खिडकीत बसव."

तिने बसवलं. गणित जरा उशिरा सुरू झालं.

हे डीएडला शिकवत असतील असं वाटत नाही. आपण नुसतं "हजर" म्हणून खाली बसायचो, नाही का?