भट्टीवरचा दम

साखर कारखान्यात गंधकाच्या भट्टीवर मी अकरा हंगाम काढले. उसाचा रस पांढरा व्हावा म्हणून त्यात जळत्या गंधकाचा धूर सोडतात. तो नाकात गेला की आतून मिरची चोळल्यासारखी आग होते. नवा माणूस पहिल्या आठवड्यात खोकून खोकून रडकुंडीला येतो. मग हळूहळू नाक मरतं, तेव्हा जुने लोक विचारतात, "काय बे, वास येतो का?" न्हाई म्हटलं की म्हणतात, "मंग पक्का झालास."

मी पक्का होतो आणि त्याचा मला भारी तोरा होता. कारखान्याने दिलेला मास्क खुंटीला असायचा, साहेब तपासणीला आले की तेवढ्यापुरता तोंडावर चढायचा. आमची रीत वेगळी होती. दाराबाहेर छातीभर श्वास घ्यायचा, दम धरून आत शिरायचं, गंधक टाकायचं आणि बाहेर येऊन तो दम थोडा थोडा सोडायचा. एकदम सोडला तर पुढचा श्वास खोल जातो आणि धूर आत ओढला जातो, असं आम्ही मानायचो. वरून गुळाचा खडा खाल्ला की छाती साफ, अशी आमची समजूत.

गेल्या हंगामात पाइपाचा सांधा सुटला आणि खोलीभर पांढरा धूर झाला. बाकीचे पळाले. मी पक्का, म्हणून तोंडाला ओला गमजा बांधून झडप बंद करायला गेलो. झडप गच्च बसली होती, माझा दम मध्येच संपला. कसाबसा बाहेर आलो, पण त्या दिवसापासून छातीत शिट्टी वाजायला लागली. गच्चीवर जाताना जिन्यात बसावं लागे. मी ते आधी थंडीवर ढकललं, मग धुळीवर.

बायको ऊसतोड मजुराची पोर. एका सकाळी ती पिशवी भरून दारात उभी राहिली. "बीडला चला. माझ्या बापाची छाती अशीच वाजायची आन् आमी बघत बसलो. आता न्हाई बसायची."

पाटोद्याहून एसटीत बसलो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता. माझ्याआधी भट्टीवर असलेला तो गडी आता दिवसभर ओट्यावर बसून असतो, त्याला हौदापर्यंतसुद्धा चालवत नाही. आपलंही तसंच होणार, ही भीती बीड येईपर्यंत गेली नाही.

छातीच्या डॉक्टर मॅडमनी हातात नळी दिली. "काका, मोठा श्वास घ्या आणि सगळा जोरात फुंका." मी फुंकलं. पुन्हा फुंकलं. कागद बघून मॅडमचा चेहरा पडला. "फुफ्फुसं फारच कमी भरताहेत," त्या म्हणाल्या. मी त्या कागदाकडेच बघत राहिलो.

बायको मात्र कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "म्याडम, हे सगळा दम सोडतच न्हाईत. भट्टीवरची सवय हाय. घरात भाजी फोडणीला टाकली तरी दम धरून बसत्यात." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हितं धूर न्हाई. सोडा."

मी सोडला. पार पोट पाठीला लागेपर्यंत सोडला. मॅडमनी तोंडात औषधाचा पंप मारला, थोडं थांबवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. या वेळी त्या हसल्या. श्वासनळ्या सुजल्यात, पण औषधाने उघडताहेत. भट्टी सोडली आणि पंप चुकवला नाही तर ओट्यावर बसायची वेळ येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

परतताना एसटी मांजरसुंब्याला थांबली. ढाब्यावर आम्ही चहा घेत होतो आणि आत कढईत मिरच्या पडल्या. सगळी बाकडी खोकायला लागली. मी मात्र गप्प, ताठ बसलेलो. बायकोने माझ्याकडे न बघताच कोपराने ढोसलं. "सोडा."

मी दम सोडला आणि चारचौघांसारखा खोकलो. ती चहा पीत हसत होती.