कापलेला सायलेन्सर

जळगावला अजिंठा चौफुलीच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये सुकदेव मिस्त्री अडतीस वर्षं सायलेन्सर बसवत आला होता. केळीचे ट्रक, ट्रॅक्टर, काळ्या-पिवळ्या जीपा. पाईपात कोरडी वाळू ठासायची, भट्टीवर तो लाल करायचा आणि नजरेच्या अंदाजाने वाकवायचा, ही त्याची रीत. बिघडलेला सायलेन्सर आला की तो आधी कानाशी धरून हलवायचा. आत खडखडलं म्हणजे आवाज दाबणारी आतली जाळी सुटली, आणि जाळी सुटली म्हणजे ग्राइंडरने कापून उघडायचा. मालकाला विचारायची पद्धत नव्हती. "डॉक्टर पोट फाडताना पोटाला विचारतो का?" असं तो म्हणे, आणि चहाला टेकलेली माणसं हसत.

सावद्याच्या प्रेमराज नानांकडे केळीच्या बागा होत्या आणि वडिलांनी घेतलेली एक विलायती स्पोर्ट्स गाडी होती. बुटकी, लाल, दोनच माणसांची. तिचा मूळ सायलेन्सर कधीच सडून गळला होता. सुकदेवनेच पूर्वी बसवून दिलेला जीपचा सायलेन्सर तिच्याखाली भुंकत असे. नानांना ते सलायचं. वडील गाडी घेऊन गल्लीत वळायचे तेव्हा आवाज कसा यायचा, हे ते येईल त्याला सांगत.

शेवटी धुळ्याच्या भिकनने मूळचा तसा सायलेन्सर शोधला. भिकन जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायचा. दोन वर्षं फोन फिरवून त्याने इंदूरच्या एका बंद गॅरेजच्या माळ्यावरून त्याच मॉडेलचा, कधीच न वापरलेला सायलेन्सर मिळवला. नाना तो गोधडीत गुंडाळून सुकदेवकडे घेऊन आले आणि गाडीही ठेवून गेले.

"फक्त बसव. बाकी काही करू नको," ते म्हणाले.

ते गेल्यावर सुकदेवने सवयीने सायलेन्सर हलवला. आत खडखडलं. त्याने ग्राइंडर लावला.

पत्रा उघडला तेव्हा आतली जाळीची भोकाभोकांची नळी नव्या भांड्यासारखी लखलखत होती. सगळं जागच्या जागी होतं. सुटं होतं ते एवढंच: मागच्या तोंडातून शिरून कुंभारमाशीने कधीकाळी बांधलेलं मातीचं घर. त्याचे तीन वाळलेले तुकडे. सायलेन्सर उलटा धरून दोनदा थोपटला असता तरी खाली पडले असते.

सुकदेवने ते तीन खडे तळहातावर घेऊन पाहिले. मग त्याने पत्रा जुळवला आणि वेल्डिंग केलं. आयुष्यात केलं नसेल इतकं बारीक केलं. तरी रेघ राहिलीच, टाके घातल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी नाना आले. सुकदेवने गाडी सुरू केली. आवाज वाईट नव्हता, पण त्याच्या तळाशी डबा वाजावा तशी एक बारीक झणझण होती. नाना मान तिरकी करून ऐकत राहिले. मग वाकले आणि त्यांना ती रेघ दिसली.

"हे काय रे?"

"आतून सडेल होता, नाना. जाळी सुटली होती. कापावाच लागला."

बोलून झाल्यावर सुकदेवला वाटलं, नाना रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते हळूच म्हणाले, "म्हणजे तुला उगाच त्रास झाला. त्या भिकनने बनवलं मला."

आणि त्यांनी तिथेच फोन लावला. स्पीकरवर.

"भिकन, सडका माल दिलास?"

"नाना, आईनी आण, कोरा व्हता तो! मी सोता टॉर्च लाईसन दखेल शे."

"दोन वर्षं मला आशेवर ठेवलंस आणि भंगार गळ्यात मारलंस. सुकदेवने माझ्यासमोर सांगितलं. तो खोटं बोलेल? आता सावद्यात तुझं नाव काढायची सोय ठेवणार नाही मी."

 पलीकडून भिकन पडलेल्या आवाजात म्हणाला, "सुकदेवभाऊ म्हनतस व्हई तर... मनीच नजर चुकनी व्हई, नाना. वापस धाडी द्या."

 भिकनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं सुकदेवच्या एका शब्दाखातर बाजूला ठेवलं होतं.

"नाना," सुकदेव म्हणाला, "सडेल नव्हता."

नानांनी वळून पाहिलं.

"कोराच होता. आत मातीचं घर होतं माशीचं, तेच वाजलं. मी न बघता कापला. मग खोटं बोललो."

गाडी अजून सुरूच होती. नानांनी हात घालून ती बंद केली.  मग फोन सुकदेवपुढे धरला. "मला नको. त्याला सांग."

सुकदेवने काजळी लागलेल्या हाताने फोन घेतला. अडखळत, पहिल्यापासून, त्याने सगळं पुन्हा सांगितलं. 

"ऐकतोस ना?" शेवटी सुकदेवने विचारलं.

"ऐकस ना, भाऊ," भिकन म्हणाला. "मीच नानास्ले सांगेल व्हतं, सुकदेवभाऊशिवाय याले कोनले हात लावू देऊ नका."

 सुकदेव फोन कानाशी तसाच धरून उभा राहिला, पलीकडून तो ठेवला गेल्यावरही.