चिंध्या बांधलेले वाल

अळीला इतका जीव लावणारा माणूस साऱ्या अलिबाग तालुक्यात शोधून सापडणार नाही. हे माझ्या यजमानांचे थोरले भाऊ, आमचे मोठे भावोजी. बाजारात लोक किडकी भाजी बाजूला काढतात, भावोजी तीच वेचून पिशवीत घालतात. चकचकीत वांगं दिसलं की त्यांचा चेहरा उतरतो. एकदा फ्लॉवरचा गड्डा उलटासुलटा करून त्यांनी भाजीवालीला विचारलं, "याच्यात अळी कशी न्हाय?" ती म्हणाली, "आजोबा, अळीचे पैसे वेगळे पडतील." भावोजींनी खरंच भाव विचारला.

भातकापणीनंतर आमच्या शेतात वाल असतात. वेलांवर मावा ही कीड पडली की गावात सगळे पाठीला पंप लावून औषध मारतात. भावोजी राख उधळतात आणि मावा खाणाऱ्या लाल ठिपकेदार किड्यांची वाट बघत बांधावर बसतात. "माझे गडी कामावर आलेत, कुणी हलवू नका," म्हणून आम्हाला शेताबाहेर उभं करतात. शेजारचे नामदेव फवारणी करून डोकं धरून बसले की भावोजी ओरडतात, "औषध वालांना दिलंस ना नाम्या, मग चक्कर तुला कशी आली?" नामदेव म्हणतात, "आधी तुमचे गडी जेवू घाला, उरलं तर तुम्ही खा!"

एका थंडीत गडी आलेच नाहीत. माव्याने वेल वाळवले. कोपऱ्यातले थोडे वाचले, त्यांना भावोजींनी चिंध्या बांधल्या. चिंधीचा वेल बियाण्याचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. ते बी सासूबाईंच्या हातचं, दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

तेव्हाच नामदेवांची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला पोपटी खावीशी वाटली. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला नि वालाच्या अख्ख्या शेंगा भरायच्या आणि मडकं उपडं करून जाळात भाजायचं. नामदेवांचे वेल शेंगांनी लगडले होते, पण कालच औषध मारलेलं. संध्याकाळी ते रिकामी टोपली घेऊन आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"पोरीसाठी व्हय?" भावोजींनीच विचारलं.

"व्हय. पोटुशी हाय ना ती."

मला वाटलं, आता टोमणे बसणार. पण भावोजी थेट शेतात गेले आणि एकेक चिंधी सोडू लागले. मी मागोमाग गेले. तेव्हा मी त्यांच्यासमोर कधी बोलत नसे, पण तोंडून निघून गेलं, "भावोजी, बियाणं?"

"खाणारं आधी नीट येऊ दे गं. बी त्याच्यासाठीच ठेवायचं."

शेवटच्या वेलाची चिंधी मात्र त्यांनी सोडली नाही. त्याचे मूठभर वाल पुढच्या साली अर्धे आमच्याकडे लावले, अर्धे नामदेवांच्या बांधाला. त्या बाजूला नामदेव आता पंप नेत नाहीत. तिथल्या शेंगा त्यांच्या नातीच्या.

भावोजींना हल्ली नीट दिसत नाही. मी शेंगा सोलायला बसले की जवळ येऊन विचारतात, "अळी हाय का गं?" पुष्कळदा नसते. तरी मी म्हणते, "हाय भावोजी, चांगली जाडजूड."

"मारू नको हां. बाहेर सोड तिला."

मग मी उठते आणि रिकामी मूठ अंगणात नेऊन हळूच उघडते.