आत्याबाईनं वाट दाखवली

मार्चअखेर चंडीगडच्या रस्त्यांवर कुसुमाच्या झाडांना पालवी फुटते, आणि ती हिरवी नसते, चक्क लालभडक असते! ऊन तिच्यातून झिरपतं, सारा रस्ता तांबूस होतो, आणि सेक्टर सदुसष्टमधल्या प्रयोगशाळेत औषधी वनस्पतींवर काम करणारी माझ्यासारखी शहाणीसुरती बाई रिक्षातून मान बाहेर काढून वेड्यासारखी बघत बसते. आमच्या गडचिरोलीच्या रानातही कुसुम असाच पेटतो. त्या रानासाठी माझी आत्याबाई उभा जन्म भांडली.

ज्यांच्या पिढ्या त्या सावलीत जन्मल्या आणि त्याच मातीत विसावल्या, त्यांनीच ती माती आपली असल्याचा पुरावा सादर करायचा, हा केवढा विलक्षण न्याय! सामूहिक वनहक्काचा अर्ज लिहायचं काम गावानं माझ्यावर सोपवलं. शिकलेली ना मी! पूर्वजांच्या आणि देवांच्या जागा, या रकान्यात मी झोकात 'निरंक' लिहून मोकळी झाले. आमच्या गावात प्रत्येक मृताच्या नावानं रानात एक दगड उभा करतात आणि ती जागा परक्याला सांगत नाहीत, हे सहाव्या वर्षीच आश्रमशाळेत गेलेल्या मला कुणी सांगितलंच नव्हतं. आत्याबाई तर समोरच बसली होती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले, आणि पुरावा अपुरा म्हणून अर्ज नामंजूर झाला.

पुढे मोतीबिंदू काढायला मी तिला इकडे आणलं. मी चंडीगडला लागून असलेल्या मुल्लानपूरला भाड्यानं राहते. डोळ्याची पट्टी निघाल्यावर तिला फिरायला नेलं, तर जिकडेतिकडे शेतं बुजवून उभे राहिलेले फ्लॅटांचे टॉवर! त्यांच्या मधोमध एक छोटी पांढरीशुभ्र घुमटी होती, आणि एक पंजाबी म्हातारी तिथे दिवा लावत होती. हे कुणाचं, असं मी विचारलं. "बड़े-बुज़ुर्गों का, पुत्तर. नापने वाले आए थे, तो मैं खुद हाथ पकड़ के यहाँ ले आई. ना दिखाती, तो मशीन चल जाती," ती म्हणाली. मी आत्याबाईला मराठीत समजावलं. ती तिथेच मातीत बसली.

"पोरी," ती म्हणाली, "लपवलं म्हणून वाचलं, असं मले वाटत होतं. हिचं त दाखवलं म्हणून वाचलं."

मनुष्य आपल्या सर्वांत पवित्र गोष्टीला मौनाचं कुंपण घालतो. पण ते कुंपण मोडण्याचं धैर्य किती जणांत असतं? गावी परतल्यावर तिनं ग्रामसभेत विषय काढला आणि गाव पेटून उठलं. माझ्या सख्ख्या बापानं बहिणीशी बोलणं टाकलं. देव कोपेल, सगळे म्हणाले. "कोपू दे माझ्यावर! रान गेलं त देव राहीन कुठं?" ती कडाडली. शेवटी होकार आला, तोही कुरकुरत, आणि मी तो रकाना भरून अर्ज पुन्हा पाठवला.

मग फेरतपासणीला आलेल्या साहेबांना तिनं रानाच्या तोंडाशी बूट काढायला लावले! अनवाणी साहेब, मागे कागद सांभाळणारा कारकून आणि पुढे माझी आत्याबाई. ओळीच्या ओळी उभ्या दगडांतल्या एकेकाला हात लावून ती नाव घेत गेली, आजोबा, पणजोबा, त्यांच्याही आधीचे, आणि लिहिता लिहिता कारकुनाचा हात भरून आला. माझा बाप दुरून बघत होता. एका दगडापाशी ती अडखळली, तेव्हा ते विसरलेलं नाव त्यानंच पुढे होऊन सांगितलं. त्या दिवसापासून भाऊबहीण पुन्हा बोलायला लागले, आणि काही महिन्यांनी गावाच्या नावाचा हक्कपत्राचा कागद आला. जिंकलो आम्ही!

परवा प्रयोगशाळेत तिचा फोन आला. आवाज असा, की जणू काही विशेष घडलंच नाही. म्हणाली, "अगं, काल वनखात्याचा माणूस आला होता. बांबू तोडाले आपल्या गावाची परवानगी मागत होता."

"मग?"

"मग काय? बस म्हटलं, पाणी पाजलं. आन् सांगतलं, सभा बुधवारी असते, तवा ये. गावाले विचारून सांगू."

मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, हसत हसत पोटभर रडले.