गोळी न झाडणारा अर्जदार

मुलुंडला सरकारी कचेरीबाहेर माझे अर्जलेखनाचे मेज आहे. शेजारी झेरॉक्सचे यंत्र चालवणारे एक गृहस्थ बसतात. प्रत्येक प्रत ते उजेडाला धरून तपासतात आणि बोलण्याआधी "म्हणजे बघा" म्हणतात. गिऱ्हाईक नसले की मोबाईलवर गोळीबाराचा एक खेळ खेळतात. त्यात प्रत्येकाने एक भूमिका घ्यायची आणि गुण मिळतील तसे आपले पात्र वाढवायचे. ह्यांनी वैद्याची भूमिका घेतली. चार वर्षांचे सगळे गुण जखमींच्या उपचारांवर घातले. बंदूक मात्र पहिल्या दिवशीचीच, एकदाही न झाडलेली.

मागील महिन्यात कंपनीने त्यांचे खाते बंद केले. जो गोळीच झाडत नाही तो माणूस नसून आपोआप चालणारा प्रोग्रॅम असावा, असा संशय. चार वर्षांचे पात्र वाचावे म्हणून ते माझ्याकडे अर्जासाठी आले. अर्ज बळकट करण्याची माझी एक रीत आहे. मी लिहिले, 'सदर अर्जदाराने आजवर शेकडो शत्रू ठार केले आहेत.'

त्यांनी कागद उजेडाला धरला.

"म्हणजे बघा, हे काढा. मी एकालाही मारलं नाही."

"अहो, अर्जात एवढं चालतं. नाहीतर खातं गेलंच समजा."

"जाऊ दे ना मग."

वाक्य मी खोडले. अर्ज नामंजूर झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवे पात्र पहिल्या पायरीपासून सुरू केले, पुन्हा वैद्याचेच.

हल्ली कोणाच्या अर्जात पदरचे वाक्य घालताना माझा हात थांबतो आणि नजर शेजारी जाते. ते कुठलीतरी प्रत उजेडाला धरून बसलेले असतात.